जानेवारी गेला कुठे?

या महिन्याच्या पत्रांतली चार एकाच विषयाची निघाली : प्रोग्रॅमिंग भाषांचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे भाषा कशी वापरायची ते सांगणारी पानं. त्यांनाच ‘डॉक्स’ म्हणतात. म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत, रुसू नका.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शिरपूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघांनी मिळून एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा लिहिली आणि ओपन सोर्स म्हणून खुली केली. आता बाहेरचेही दहा-बारा जण ती वापरतात. फंक्शनं, म्हणजे भाषेतल्या तयार आज्ञा, शंभराच्या वर गेलीत, पण डॉक्युमेंटेशनची पार गोधडी झाली आहे. एकाच पानावर शिकवणी, तिथेच फंक्शनांची यादी, मध्येच आमची आपसातली चर्चा. नवी आवृत्ती निघते आणि पानं जुनीच राहतात. वरून भांडण आहे ते वेगळंच : फंक्शनं अकारविल्हे लावायची की विषयवार? तुम्ही ग्रंथपाल होतात आणि आता पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या डॉक्समध्ये दुरुस्त्या पाठवता, म्हणून तुम्हालाच विचारतो.

उत्तर : आधी भांडण मिटवू. चोपड्याकडच्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होते. कपाटात पुस्तकं विषयवार असायची. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात एकेका प्रोग्रॅमिंग भाषेवरची पुस्तकं ००५.१३३ खाली येतात, तशी ती शेजारी-शेजारी उभी. आणि दाराशी कार्डांचे खण होते, ते अकारविल्हे. दोन्हींतलं एकच ठेवा, असं मला कधी कुणी म्हणालं नाही. पायथननेही तेच केलंय. मॉड्यूल (फंक्शनांचे गठ्ठे) विषयवार, म्हणजे मजकुराची एकीकडे, गणिताची दुसरीकडे. आणि अख्ख्या डॉक्सची मिळून एक अकारविल्हे सूची वेगळी. ज्याला नाव माहीत आहे तो सूचीतून येतो, ज्याला नुसतं काम माहीत आहे तो कपाटातून. तुमच्या शंभर फंक्शनांना विषयाचे सात-आठ गट पुरे. सूची हाताने करू नका, यंत्राकडून काढून घ्या.

आता गोधडी. ती उसवायची तर प्रत्येक परिच्छेदाला एक विचारायचं : हे वाचणारा शिकायला बसलाय, की काम अर्धवट टाकून धावत आलाय? या कामातले जाणकार दानिएले प्रोचिदा यांनी डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार सांगितलेत : शिकवणी, अमुक काम कसं करायचं ते, संदर्भ आणि समजावणी. सुरुवातीला चारही लागत नाहीत. शिकवणी आणि संदर्भ एवढे दोन जरी वेगळ्या फोल्डरात गेले तरी तुमचं घर निम्मं आवरलं. तुमची आपसातली चर्चा मात्र दोन्हींत नको. ती तुमच्या कामाच्या नोंदीत टाका.

संदर्भाच्या पानावर माणूस कसा येतो, ते घरातल्याच उदाहरणाने सांगते. माझा भाचा रावेरला केळीच्या व्यापारात आहे. त्याने महिन्यांच्या हिशेबाच्या फायली जमवायला पायथनचा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. फायलींची नावं जळगाव_जानेवारी, जळगाव_फेब्रुवारी अशी. पुढचं ‘जळगाव_’ काढायला त्याने एलस्ट्रिप हे फंक्शन वापरलं. अहवालात फेब्रुवारी बरोबर, मार्च बरोबर, आणि पहिल्याच ओळीत महिना काय, तर ‘नेवारी’! जूनचा नुसता ऊकार आणि न उरला, जुलैचीही तीच गत. त्याला वाटलं, फॉन्ट बिघडला. दोन दिवस फॉन्ट बदलत बसला आणि शेवटी मला फोन : “मावशी, जानेवारी गेला कुठे?”

झालं होतं असं : एलस्ट्रिपला ‘जळगाव_’ दिलं की ते त्याला शब्द समजत नाही, अक्षरांची पिशवी समजतं. ज, ळ, ग, काना, व आणि ती खालची रेघ. डावीकडून यातलं जे जे दिसेल ते खात सुटतं. जळगाव खाल्लं, रेघ खाल्ली, पुढे जानेवारीचा ज आणि काना दिसला, तोही खाल्ला. न पिशवीत नाही, तिथे थांबलं. फेब्रुवारीचा फ पिशवीत नाही, म्हणून तो वाचला. भाच्याचं नशीब असं की बारापैकी ज ने सुरू होणारे महिने तीनच. नाहीतर बिचाऱ्याने फॉन्टऐवजी कॉम्प्युटरच बदलला असता.

गंमत म्हणजे डॉक्समध्ये हे स्वच्छ लिहिलेलं होतं की दिलेली अक्षरं म्हणजे उपसर्ग नव्हे. भाच्याने ते वाचलं नाही. पण मी त्याला दोष देणार नाही. धावत आलेला माणूस पहिली ओळ आणि उदाहरण एवढंच बघतो. पुढे ३.९ आवृत्तीत पायथनमध्ये रिमूव्हप्रिफिक्स नावाची वेगळी सोय आली, तीच त्याला हवी होती. आता एलस्ट्रिपच्या पानावर तिचा पत्ता दिलाय आणि दोघांचं फळ कसं वेगळं येतं याचं उदाहरणही. आमच्या कार्डांच्या खणात अशी ‘पाहा’ची कार्डं असत. ‘कदली : केळी पाहा.’ ते कार्ड केळीखाली ठेवून काय उपयोग? माणूस चुकून जिथे येणार, तिथेच ते हवं. पानं लिहिताना तुमच्यातल्या एकाने हे एकच काम घ्यावं : या फंक्शनाकडे चुकून कोण येईल, आणि त्याला कुठल्या दाराशी पाठवायचं.

पानाचा साचा एकच ठेवा. पीएचपी या दुसऱ्या भाषेचं मॅन्युअल उघडून बघा. फंक्शन कुठलंही असो, पानाचा क्रम ठरलेला : वर्णन, पॅरामीटर (फंक्शनाला काय द्यायचं), परत काय मिळतं, चुकलं तर काय, बदलांची नोंद, उदाहरण, आणखी काय पाहावं. पाच-दहा पानं चाळली की डोळा आपोआप हव्या त्या जागी जातो. किराणा दुकानात हिंगाची डबी रोज नव्या फळीवर ठेवली तर मालकालाही सापडायची नाही. साच्यातला कोनाडा रिकामा राहिला तरी चालेल, पण ‘चुकलं तर काय’ हा कोनाडा रिकामा सोडू नका. तुम्ही पोरं नेमका तोच सोडता, मला माहीत आहे.

पानं जुनी राहतात, कारण तुम्ही ती रिलीजनंतर लिहायला घेता. वरातीमागून घोडं. पायथनमध्ये डॉक्सचं फोल्डर कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोठारात, आहे. फंक्शन बदलणाऱ्याने त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल घ्या म्हणून पाठवायच्या अर्जात) पान बदलायचं, आणि पान बदललं नसेल तर तपासणाऱ्याने ती परत पाठवायची. चौघांत एवढा नियम करा, एकदोनदा भांडा, मग अंगवळणी पडेल. उदाहरणंही यंत्राकडून चालवून घ्या. पायथनला त्यासाठी डॉकटेस्ट हे साधन आहे. रस्ट या भाषेत तर डॉक्युमेंटेशनच्या टिपणातलं उदाहरण इतर चाचण्यांबरोबर चालतं आणि मोडलं तर तिथेच बोंब होते.

एक शेवटचं. ‘हे अमुक आवृत्तीपासून’, ‘अमुक आवृत्तीत बदललं’ या ओळी आळस न करता टाका. कॉलेजच्या लॅबमधली आवृत्ती तुमच्यापेक्षा चार वर्षं मागे असते. आणि फंक्शन काढून टाकलं म्हणून त्याचं पान फाडू नका. डिस्ट्युटिल्स हे मॉड्यूल पायथनने ३.१० मध्ये निवृत्तीच्या यादीत टाकलं आणि ३.१२ मध्ये काढलं. तरी त्याच्या नावाचं छोटं पान आहे, ते कधी गेलं हे सांगणारं. दारावर निदान ‘घर बदलले आहे’ अशी पाटी तरी असते.

प्रश्न : मी धुळ्याच्या एका शाळेत संगणक शिकवतो. पायथनमध्ये ‘धुळे’ या शब्दाची लांबी विचारली तर ४ येते. मुलं हसतात, म्हणतात, सर, अक्षरं तर दोनच आहेत! लांबी सांगणाऱ्या लेन या फंक्शनाच्या पानावर याचा काहीच खुलासा नाही. ही डॉक्समधली चूक म्हणून कळवू का?

उत्तर : सर, चूक नाही. पायथनची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ही युनिकोडच्या कोड पॉइंटांची रांग. युनिकोड ही सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत, आणि कोड पॉइंट म्हणजे त्यातला एकेक क्रमांक. ध, उकार, ळ, मात्रा, झाले चार. जळगाव चार अक्षरांचं दिसतं पण पाच भरतं, भुसावळ सहा. ‘रांग कशाची’ ही गोष्ट स्ट्रिंगच्या पानावर लिहिलेली आहे. लेनच्या पानावर एवढंच की वस्तूत घटक किती ते सांगतं, आणि ते बरोबरच आहे, कारण लेन यादीलाही लागतं, डिक्शनरीलाही लागतं. तिथे देवनागरीचा पाढा लिहिला तर उद्या तमिळवाले येतील, परवा इमोजीवाले, आणि दोन ओळींचं पान दोन पानांचं होईल.

पण तुमच्या मुलांचा प्रश्न खोटा नाही. त्याची जागा समजावणीत आहे. पायथनच्या डॉक्समध्ये युनिकोडवर ‘हाउटू’ नावाचा वेगळा लेख आहे, तो वर्गात दाखवा. आणि फळ्यावर धुळे फोडून दाखवा, चार खडूंनी. मी असते तर तोच तास घेतला असता.

प्रश्न : पायथनचे डॉक्स मराठीत आणावेत असं आम्हा काही जणांच्या मनात आहे. सुरुवात कुठून करू? — नंदुरबारहून एक वाचक

उत्तर : सगळं आणायच्या फंदात पडू नका, दमून जाल. पायथनच्या साइटवर भाषेच्या यादीत नाव यायला आधी ट्यूटोरियल, अंगभूत फंक्शनांचं पान आणि चुका कशा कळवाव्यात ते पान, एवढं पूर्ण व्हावं लागतं. शहाणपणाची अट आहे. त्यातच जीव लावा. फंक्शनांची नावं भाषांतरित करायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको. ‘पॅरामीटर’ला ‘प्राचल’ म्हणू नका अशी माझी विनंती. शब्दकोशात तो आहे, पण तो ऐकून आमच्याकडचं पोरगं पुस्तक मिटतं.

खरं दुखणं पुढे आहे. मूळ इंग्रजी पान बदलतं आणि भाषांतराला पत्ता नसतो. पीएचपीवाल्यांनी यावर साधा उपाय केलाय : भाषांतराच्या प्रत्येक फायलीच्या माथ्यावर एक ओळ असते, हे मूळच्या नेमक्या कुठल्या नोंदीवरून केलंय ते सांगणारी. मूळ पुढे सरकलं की कुठली फाइल मागे पडली ते यंत्र सांगतं. पायथनची भाषांतरं पीओ फायलींत असतात, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याखाली भाषांतर, तिथे बदललेलं वाक्य वेगळं उठून दिसतं. दर महिन्याला ते बघणारा एक माणूस आधी नेमा, मग पहिलं वाक्य लिहा.

प्रश्न : भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालो. नातवाबरोबर पायथन शिकतोय, पण प्रोग्रॅमर काही मी होणार नाही. डॉक्सच्या कामात माझ्यासारख्याचा उपयोग आहे का?

उत्तर : दादा, तुम्ही नोकरीत नियमपुस्तकाला करेक्शन स्लिपा चिकटवल्या असतीलच. तेच हे काम, फक्त डिंक लागत नाही. पायथनचे डॉक्स पूर्वी लेटेक या छपाईच्या किचकट खुणांच्या पद्धतीत होते. २००७ साली गेओर्ग ब्रांडल यांनी ते साध्या मजकुरासारख्या दिसणाऱ्या खुणांत आणले, आणि त्यासाठी केलेलं साधन, स्फिंक्स, २००८ मध्ये बाहेर आलं. म्हणून तर माझ्यासारखीला त्यात हात घालता आला. माझी पहिली दुरुस्ती एका स्वल्पविरामाची होती. घेतली त्यांनी.

तुमच्याकडे जे आहे ते मेंटेनरांकडे, म्हणजे भाषा सांभाळणाऱ्यांकडे, नाही : तुम्हाला अजून अडतं. अडलं की लगेच लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी ते सोपं वाटायला लागतं. काय शोधत होतो, आधी कुठलं पान उघडलं, मग कुठे सापडलं. सापडलंच नाही तर आपल्या अहिराणीत ‘माले सापडनं नही’ एवढंच लिहून मला पाठवा, इंग्रजी मी करते. फक्त पानाचं नाव आणि पायथनची आवृत्ती सोबत टाका.