कृषी केंद्रासाठी फेसबुक पेज काढावं की व्हॉट्सअॅप ग्रुप? आणि आठवड्याला किती पोस्ट टाकाव्यात?

तुम्ही लिहिलंय की भावाने तालुक्याला नवीन कृषी केंद्र टाकलं, पुतण्या रोज दोन पोस्टर बनवून टाकतो, तरी कुणी काही विचारत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब सांभाळते आणि ऑफिसचा मोबाइलही माझ्याकडेच असतो. 'पोस्टर' हा शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसले.

जानेवारी २०२५ ची गोष्ट. हमीभावाने सोयाबीन खरेदी सुरू होती, भाव क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात व्यापारी चार हजाराच्या आसपास घेत होता, म्हणून आमच्या काट्यावर रांग होती. त्यात बारदाना, म्हणजे माल भरायची रिकामी पोती, संपला. त्या हंगामात बारदान्याची ओरड अख्ख्या राज्यात होती. सोमवारी रात्री नऊच्या पुढे एका संचालकाच्या मुलाने पोस्टर करून कंपनीच्या ग्रुपवर टाकलं. वर अध्यक्षांचा फोटो, खाली सहा संचालकांचे हात जोडलेले फोटो, मध्ये पिवळ्या पट्टीत बारीक अक्षरात: 'बारदाना उपलब्ध नसल्याने उद्या खरेदी बंद राहील. शेतकरी बांधवांनी नोंद घ्यावी.' तारीख नाही, वार नाही.

मंगळवारी काटा बंद राहिला, तिथपर्यंत ठीक. मंगळवारी रात्री बारदान्याची गाडी आली आणि बुधवारी सकाळी काटा सुरू झाला. पण ते पोस्टर मंगळवारी दिवसभर फिरत होतं. आमच्या ग्रुपवरून गावच्या ग्रुपवर, तिथून भजनी मंडळाच्या, तिथून सोयऱ्यांच्या. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर वेळ दिसते ती फॉरवर्ड केल्याची. मूळ कधीचा, कुणाचा, हे काही कळत नाही. २०१८ पासून व्हॉट्सअॅप 'फॉरवर्डेड' एवढं लिहून दाखवतं, बस. ज्याने पोस्टर मंगळवारी संध्याकाळी पाहिलं, त्याच्यासाठी 'उद्या' म्हणजे बुधवार झाला.

बुधवारी चाळीस जणांचे नंबर होते. अकरा आले. मी काट्याजवळ रजिस्टर घेऊन बसलेली, हमाल रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसलेले. मंगळवारी पोतं नव्हतं आणि आता पोती होती तर माल नव्हता. दुपारी मी एकेकाला फोन लावायला घेतला. आमच्याच गावातले एक काकाजी आहेत, वय सत्तरच्या पुढे, कंपनीचे अगदी सुरुवातीचे सभासद.

"काकाजी, आज तुमचा नंबर होता, आले काऊन नाही?"

"तुमीच त टाकलं नं बाई, उद्या बंद म्हून. गाडीवाल्याले म्या नाही म्हणून सांगतलं."

"ते कालच्यासाठी होतं काकाजी."

"मंग हे कालचं हाय, हे आमाले कसं समजावं?" थोडा वेळ थांबून म्हणाले, "सूनबाई इचारनार होती ग्रुपात. पण तुमच्या ग्रुपात आमाले लिवताच येत नाही."

हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. त्यांचं अठरा क्विंटल होतं. पुन्हा नंबर लावला, पण मागे राहिलेले इतके होते की ६ फेब्रुवारीला खरेदी कायमची बंद झाली तोवर त्यांची पाळी आलीच नाही. शेवटी व्यापाऱ्याला ३,९५० ने दिलं. १६,९५६ रुपयांचा फरक. हिशेब माझ्याच हाताने केला म्हणून आकडा पाठ आहे.

दुरुस्तीचा मेसेज मी बुधवारी सकाळी आठलाच टाकला होता. पण तो गेला आमच्या ग्रुपवर. पोस्टर जिथे जिथे पोहोचलं होतं तिथे तो कोण नेणार? चांगल्या बातमीला कुणी तेवढं पुढे ढकलत नाही. 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं तरी दुसऱ्यांनी फॉरवर्ड केलेल्या प्रती जागच्या जागी राहतात.

आता ग्रुपला लावलेल्या या कुलपाबद्दल. आमचा ग्रुप आधी उघडा होता. बोनसवरून एकदा मोठी भांडणं झाली आणि अध्यक्षांनी 'फक्त अॅडमिन लिहू शकतील' अशी सेटिंग करून टाकली. मी तेव्हाच विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, "ग्रुप म्हंजे काय पानठेला हाय? कोनी काई टाकलं त पोलीस मले नेतीन." मी त्यांना नागपूर खंडपीठाच्या २०२१ च्या निकालाची प्रिंट काढून दिली. प्रकरण आपल्या गोंदिया जिल्ह्यातलंच होतं. सभासदाने आक्षेपार्ह काही टाकलं आणि त्यात अॅडमिनचा हेतू सामील नसेल, तर निव्वळ अॅडमिन आहे म्हणून त्याला दोषी धरता येत नाही, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. प्रिंट त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली. कुलूप तसंच राहिलं.

माझं स्पष्ट मत आहे, जिथे गिऱ्हाईकाला उलट विचारता येत नाही, ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची नोटीस झाली. भिंतीवरच्या नोटिशीला निदान जावक क्रमांक आणि दिनांक तरी असतो.

त्यानंतर मी ऑफिसच्या दुसऱ्या सिमवर व्हॉट्सअॅप बिझनेस घेतलं. ब्रॉडकास्ट लिस्ट केल्या, गावानुसार. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज पोहोचतच नाही. पहिला मेसेज टाकला तेव्हा निम्म्या लोकांना मिळालाच नाही, ते यामुळे. मग गावागावातल्या बैठकीत बसून एकेकाचा फोन हातात घेऊन नंबर सेव्ह करून दिला. काकाजींच्या घरी त्यांच्या सुनेचा फोन, काच तडकलेली, 'क' लिहिताना बोट नेमकं तडकलेल्या जागी यायचं. तिने 'काटा ताई' असं नाव टाकलं. आता अर्ध्या गावात मी याच नावाने सेव्ह आहे.

आणि पोस्टर बंद. चाळीस सेकंदांचा आवाज, आपल्या बोलीत: "आज बुधवार, तारीख अमुक, उद्या गुरुवारी काटा सकाळी आठपासून सुरू हाय." वार दोनदा सांगते. ज्यांना वाचता येत नाही ते ऐकतात, आणि आवाज ओळखीचा असला की खरं-खोटं कुणाला विचारावं लागत नाही. उत्तरं मला एकटीला येतात, ग्रुपवर नाही, त्यामुळे भांडणंही होत नाहीत. सीझनमध्ये दिवसाला साठ-सत्तर प्रश्न येतात. कोणाचा माल घेतला, कोणाचा बाकी, ते लेबल लावून ठेवते.

तुमच्या प्रश्नाकडे येते. फेसबुक पेज काढा, पण पत्ता, वेळ आणि नंबर एवढ्यापुरतं. पेजवर टाकलेलं लाइक केलेल्यांपैकी थोड्याच लोकांना दिसतं, त्यासाठी पुतण्याची रात्र घालवू नका. इन्स्टाग्राम पोरांसाठी ठीक आहे, पण खताची उधारी पोरगा ठरवत नाही, बाप ठरवतो. आठवड्याला किती पोस्ट, याला माझ्याकडे आकडा नाही. डीएपी खत आलं, पोस्ट टाका. नाही आलं, तर ते आवर्जून सांगा, म्हणजे वीस किलोमीटरवरून माणूस रिकाम्या हाताने परत जाणार नाही. तसा परत गेलेला माणूस दुसऱ्या वेळी येत नाही. दुकानाचा नंबर बिलबुकावर छापा आणि बिल देतानाच त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळा. फवारणीचं औषध आणि त्याचं प्रमाण फॉरवर्ड होईल अशा मेसेजमध्ये टाकू नका. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. कपाशीसाठी लिहिलेलं प्रमाण फिरत फिरत कुणाच्या तुरीवर जाईल, सांगता येत नाही. विचारेल त्याला त्याचं पीक, त्याचा पंप विचारून, डब्यावरच्या लेबलचा फोटो पाठवून सांगा.

अध्यक्षांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. ग्रुप उघडा होता तेव्हा एकाने 'सोयाबीन ६,००० होणार' असं टाकलं होतं आणि तीन-चार घरांनी त्या भरवशावर माल अडवून ठेवला. त्यांचं नुकसानही खरंच झालं. म्हणून ग्रुप सरसकट उघडा ठेवा, असं मी म्हणत नाही. एक माणूस नेमा, आणि त्याला उत्तर द्यायचा पगार द्या. पुतण्याला पोस्टरऐवजी हे काम द्या.

सप्टेंबरमध्ये आमच्या कंपनीची वार्षिक सभा आहे. ग्रुपचा विषय मी लेखी दिलाय. काकाजी म्हणाले, "मी बी येतो, मलेच बोलू दे."