आई आणि मी, दोघांच्या नावावरचा फ्लॅट. एका खोलीत पीजी. पैशांची वाटणी कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला टू बीएचके, करारनाम्यावर आईचं आणि तुमचं नाव, राहताही दोघं तिथंच. एक खोली कॉलेजच्या मुलीला दिली आहे, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून महिना 14,000. कर्ज एकट्या तुमच्या नावावर. पैसे सगळे आईच्या खात्यात जातात. त्यातले तुमचे किती, आणि रिटर्नमध्ये कुणी दाखवायचे?

आधी 14,000चे दोन तुकडे करा. ते एकत्र राहिले की हिशेब कधीच जुळत नाही. खोलीचं भाडं मालकीच्या हिश्शानं वाटायचं. जेवणाचे पैसे घराचे नाहीतच, जो ओट्यापाशी उभा राहतो त्याचे ते. जवळपासच्या दोन-तीन मेसचे दर विचारा. समजा खोली 8,500 आणि जेवण 5,500. ते 5,500 आईचे. वाणसामान, सिलिंडर, पोळ्यांच्या बाईंचे वाढीव पैसे त्यातूनच. रिटर्नमध्येही ते घरभाड्याच्या सदरात जात नाहीत, आईच्या नावावर वेगळे दाखवायचे आणि त्यांचा खर्च त्यांच्यातूनच वजा करायचा.

आता हिस्सा. 'दोन नावं म्हणजे निम्मं-निम्मं' असं धरून चालू नका. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा गोषवारा) आणि करारनामा काढून बघा. टक्के लिहिले असतील तर प्रश्न मिटला. नसतील, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 45प्रमाणे ज्यानं जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, आणि पुरावाच नसेल तर समसमान धरतात. आईनं जुनं घर विकून 40 टक्के रक्कम भरली असेल तर तो चेक, ते पासबुक जपून ठेवा.

पैसे कुणाच्या खात्यात आले यावर आयकर ठरत नाही. हिस्से निश्चित असले की प्रत्येकानं आपापल्या हिश्शाचं भाडं आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. 1961च्या कायद्यात हे कलम 26 होतं. 1 एप्रिल 2026पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले, तत्त्व तेच.

60:40 धरून बघू. अकरा महिन्यांचं भाडं 93,500. पूर्ण फ्लॅटचा मिळकतकर 12,000, खोली साधारण एक तृतीयांश, म्हणून त्यातले 4,000 वजा. उरले 89,500: तुमचे 53,700, आईचे 35,800. दोघांनाही 30 टक्के सरसकट वजावट. आईचं करपात्र 25,060. तुमचं 37,590, आणि त्यातून कर्जाच्या व्याजाचा खोलीपुरता वाटा जातो. वर्षाचं व्याज 1,80,000 असेल तर 60,000, म्हणजे तुम्ही 22,410 तोट्यात. नव्या करप्रणालीत हा तोटा पगारातून वजा होत नाही, जुन्या करप्रणालीत होतो. व्याजाची वजावट फक्त कर्जदाराला. आई कर्जात नाही, तर तिला नाही.

वाढलेलं लाइटबिल, वायफाय, गळका नळ हे घरातल्या वाटणीत खुशाल आधी वजा करा, पण रिटर्नमध्ये नाही. ती 30 टक्क्यांची वजावट त्यासाठीच असते. इथं बरेच जण दोनदा वजा करून बसतात.

आईला फक्त पेन्शन आहे, तिला कर बसणारच नाही, मग सगळं तिच्याच नावावर दाखवू, हा मोह सगळ्यांना होतो. मालकी न देता नुसतं उत्पन्न दुसऱ्याकडे वळवलं तरी कर मूळ मालकालाच लागतो. तुमचा वाटा तुमच्या रिटर्नमध्ये दाखवून मग आईला दिलात तर काहीच अडचण नाही. मुलाकडून आलेली भेट तिला करमुक्त आहे. हिस्साच बक्षीसपत्रानं तिच्या नावावर करायचा म्हणाल, तर 200 रुपयांच्या मुद्रांकाची सवलत आईकडून मुलाला देताना मिळते, उलट दिशेनं नाही. तिथं 3 टक्के आणि वर स्थानिक अधिभार. शिवाय बँकेची संमती हवी. एका खोलीच्या भाड्यासाठी एवढा उपद्व्याप मी करू नका म्हणेन.

लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर दोघांचीही नावं आणि अंगठे हवेत. भाडं 8,500च लिहा, जेवणाचा कागद वेगळा. मुद्रांक 0.25 टक्के, शहरात नोंदणी फी 1,000. नोंदणी राहिली तर जबाबदारी घरमालकाची, आणि वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचंच म्हणणं आधी धरलं जातं. मे महिन्यात मुलगी गावी गेली तर खोलीचं भाडं पूर्ण, निम्मं की शून्य, तेही त्यातच लिहून टाका. जेवणाचे पैसे अर्थातच नाहीत.

डिपॉझिट हे उत्पन्न नाही, त्याची वाटणी करू नका. बहुतेक ठिकाणी ते फ्रिजच्या दुरुस्तीत उडतं आणि मुलगी निघायच्या दिवशी धावाधाव होते. दोघांचं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं, खातं काढा, डिपॉझिट आणि खोलीचे 8,500 तिथं घ्या आणि दर महिन्याच्या 5 तारखेला तुमचे-आईचे वाटे आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. जेवणाचे 5,500 मात्र मुलीनं थेट आईच्या खात्यावर पाठवावेत. बहीण-भाऊ असतील तर हे टक्के एका साध्या कागदावर लिहून आईची सही आत्ताच घ्या.