पाकिटाची मागची बाजू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बिस्किटांच्या एका पुड्यावर समोरच मोठ्या अक्षरांत 'फक्त ७० कॅलरी' छापलंय. दुसऱ्या पुड्याच्या मागे ४७० दिसतात. मग पहिलाच घ्यावा ना?

उत्तर : आधी ७० कॅलरी कितीच्या, ते पाहा. हा आकडा एका 'सर्व्हिंग'चा, म्हणजे कंपनीने धरलेल्या एका वेळच्या वाढणीचा असतो आणि आपण प्रत्यक्षात खातो त्याच्या मानाने सर्व्हिंग पुष्कळदा फारच लहान धरलेलं असतं. समजा, मागे बारीक अक्षरांत 'सर्व्हिंग १५ ग्रॅम' लिहिलंय. ७० ला १५ ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर येतं ४६७. म्हणजे दोन्ही पुडे सारखेच. म्हणून तुलना करताना १०० ग्रॅमचा रकाना धरायचा. तो नसेल तर असा हिशोब करायचा.

कॅलरीपेक्षाही त्याच रकान्यातले तीन आकडे महत्त्वाचे आहेत : साखर, संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) आणि मीठ. ब्रिटनमध्ये लाल-पिवळ्या-हिरव्या लेबलांसाठी ठरवलेली मोजपट्टी लक्षात ठेवायला सोपी आहे. १०० ग्रॅममध्ये साखर २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त, संपृक्त चरबी ५ ग्रॅमपेक्षा जास्त किंवा मीठ दीड ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर तो पदार्थ त्या बाबतीत लाल. साखर ५ ग्रॅमपर्यंत, संपृक्त चरबी दीड ग्रॅमपर्यंत आणि मीठ ०.३ ग्रॅमपर्यंत असेल तर हिरवा. पेयांसाठी याहून कडक पट्टी आहे : १०० मिलिलिटरमध्ये सव्वाअकरा ग्रॅमच्या वर साखर गेली की लाल.

आकड्यांनंतर घटकांची यादी वाचा. वजनाने जो घटक सर्वांत जास्त, तो आधी, अशी ती उतरत्या क्रमाने असते. इथे एक गफलत होते. साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, मध, फळांच्या रसाचा अर्क असे गोड घटक वेगवेगळ्या नावांनी विखुरले, की प्रत्येकाचं वजन कमी भरतं आणि साखर यादीत खाली सरकते. सगळे एकत्र धरले तर तीच पहिल्या क्रमांकावर आली असती. तेव्हा गोड घटकांची नावं मोजा. तीनचार सापडली तर तो पदार्थ मिठाईच समजा, मग पाकिटावर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र असो नाहीतर धावणाऱ्या मुलांचं.

दही आणि दुधाच्या पदार्थांत मात्र थोडं सांभाळून वाचावं लागतं. साध्या दह्यातही १०० ग्रॅमला ४-५ ग्रॅम साखर दिसते, ती दुधातलीच असते. फळांच्या स्वादाच्या दह्यावर १२ ग्रॅम दिसली, तर वरची सातआठ ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन चमचे, बहुतेक बाहेरून घातलेली असते.

प्रश्न : वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. वेफर्स पूर्ण बंद केले, तरी डॉक्टर म्हणतात मीठ जास्त जातंय. कुठून?

उत्तर : बहुधा जे खारट लागत नाही त्यातून. वेफर्सचं मीठ वरवर भुरभुरलेलं असल्याने जिभेला लगेच कळतं. ब्रेडचं मीठ कणकेत मुरलेलं असतं, त्यामुळे १०० ग्रॅमला एक ग्रॅमच्या आसपास मीठ असूनही ब्रेड अळणीच वाटतो. चीज, सॉस, सुपाची पावडर, बिस्किटं यांचंही तेच.

लेबलवर मिठाऐवजी सोडियम लिहिलेलं असेल, तर त्याला अडीचने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवलं आहे. साध्या सोया सॉसचा एक मोठा चमचा (१५ मिलिलिटर) घातला, की जवळपास ९०० मिलिग्रॅम तिथेच संपतात. खाण्याचा सोडा आणि चव वाढवणारं मोनोसोडियम ग्लुटामेट यांतूनही सोडियम येतं. एकूण आकड्यात ते धरलेलं असतं, म्हणून यादीत मीठ शोधत बसण्यापेक्षा तो आकडाच पाहा.

झटपट नूडल्स खायच्याच असतील तर मसाल्याची पुडी अर्धीच घाला. डब्यातली कडधान्यं चाळणीत ओतून पाणी टाकून द्या आणि नळाखाली धुवा. सुमारे दोन पंचमांश सोडियम निघून जातं. मीठ एकदम तोडलं तर जेवण नकोसं होतं. हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जीभ रुळते. 'लो सोडियम' मीठ मात्र परस्पर सुरू करू नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : ब्राउन ब्रेड आणि मल्टिग्रेन ब्रेड, यांतला चांगला कोणता?

उत्तर : नावावरून सांगता येत नाही. तपकिरी रंग कॅरॅमलनेही येतो आणि मैद्यात चिमूटभर पाच धान्यं घातली तरी 'मल्टिग्रेन' म्हणता येतं. यादीतला पहिला घटक संपूर्ण गव्हाचं पीठ आहे का, ते पाहा. मग एकूण कर्बोदकांना तंतूंनी (फायबर) भागा. उत्तर १० किंवा त्याहून कमी आलं तर घ्या. कर्बोदकं ४२ आणि तंतू ६.५ असतील तर उत्तर साडेसहाच्या आत. ५० आणि २.५ असतील तर २०, म्हणजे मैदाच.

प्रश्न : मधुमेह आहे. शुगर फ्री बिस्किटं चालतील का?

उत्तर : मोजून. साखर नसली तरी मैदा असतोच आणि त्याचं शरीरात ग्लुकोजच होतं. म्हणून 'साखर ०' वर न थांबता एकूण कर्बोदकं बघा. माल्टोडेक्स्ट्रिन हा घटक चवीला फारसा गोड नसतो, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतो. साखरेऐवजी घातलेलं माल्टिटॉल असेल तर जास्त खाल्ल्यावर गॅस आणि जुलाब होतात.

प्रश्न : ई-क्रमांक असलेलं सगळंच टाळावं का?

उत्तर : नाही. ई-क्रमांक म्हणजे रंग, चव किंवा टिकाऊपणासाठी पदार्थात मिसळलेल्या घटकांचे सांकेतिक क्रमांक. ई ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ई ३३० म्हणजे लिंबातलंच सायट्रिक आम्ल. ई २५० म्हणजे सोडियम नायट्राइट, ते सॉसेज-हॅमसारख्या मांसात घालतात. असं प्रक्रिया केलेलं मांस रोज खाऊ नये, कारण त्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता वाढते. नुसता क्रमांक बघून घाबरण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पाकिटातलं सगळं सोडणं जमणार नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सगळं सोडायची गरजही नाही. गोठवलेला मटार, साधे ओट्स, बिनसाखरेचं दूध हेही पाकिटातलंच, आणि उत्तम आहे. सुरुवात गोड पेयांपासून करा. शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे जवळपास नऊ चमचे साखर असते आणि ती पिऊन पोट भरत नाही. '१०० टक्के रस'ही याला अपवाद नाही : त्यातही १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. फळ अख्खं खा, तहानेला पाणी प्या. एवढं अंगवळणी पडलं की न्याहारीच्या सिरियलचा डबा उलटून पाहा.