डोकं गहाण ठेवू नकोस

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. वरून येणारे आदेश पाळीन असं लिहून द्यायच्या त्या फॉर्मचा फोटोपण बघितला, 'विनाअट' या शब्दाभोवती तू पेनाने गोल केलायस तो. देशसेवा का करावी वगैरे तुला सांगत बसत नाही, ते तुला कळत नसतं तर तेविसाव्या वर्षी बरी नोकरी सोडून तू त्या ट्रेनिंगला गेलीच नसतीस. तुझा प्रश्न एवढाच आहे, की कुठपर्यंत? आणि एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की आपण गद्दार ठरतो का?

सरळ सांगतो. वेळ दे, घाम गाळ, कमी पगारावर भागव, प्रसंग आला तर जीवही धोक्यात घाल, ते तुझं तू ठरव. डोकं मात्र गहाण ठेवायचं नाही. कुणाकडेच नाही, देशाकडेसुद्धा नाही.

काका, बोलायला सोपंय, असं म्हणशील. मला विचार किती सोपंय ते.

तुझ्याएवढा होतो तेव्हा मी एका धरणाच्या कामावर विस्थापितांच्या याद्या करायचो. कागदपत्रं असलेल्यांची नावं रजिस्टरात शाईने लिहायची, नसलेल्यांची पेन्सिलीने, आणि मग पडताळणी झाली की ती पक्की करायची. माझ्या रजिस्टरात एकेचाळीस घरं पेन्सिलीत होती. एका दुपारी साहेबांनी माझ्या टेबलावर खोडरबर आणून ठेवलं आणि म्हणाले, देशाचं काम आहे, एवढ्याशासाठी अडायला नको. आणि मी खोडलं. कुणी धमकी दिली नव्हती गं, तेच तर आहे. उलट मला जरा अभिमानच वाटला, की आपण देशासाठी कडू काम करतोय जे सगळ्यांना जमत नाही. पान फाटू नये म्हणून डाव्या हाताने ताणून धरलं होतं. शिसं गेलं तरी वळ राहतात, पान उजेडात तिरपं धरलं की नावं वाचता येतात. मी वाचली होती.

मी नाही तर दुसऱ्याने खोडलं असतं, हे त्यानंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो. खरंही असेल. पण ती नावं माझ्या हाताने गेली.

तू लिहिलंयस की खरा देशभक्त प्रश्न विचारत नाही, असं तुमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात. मग हिरू ओनोदाचं बघ. हा जपानी लष्करी अधिकारी 1944 च्या शेवटी फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर गेला, शरण जायचं नाही आणि जीवही द्यायचा नाही अशी ऑर्डर घेऊन. 1945 ला युद्ध संपलं. वरून पत्रकं टाकली, घरच्यांची पत्रं आणि फोटो टाकले, याला सगळी शत्रूची चाल वाटली. शेवटी 1974 च्या मार्चमध्ये त्याचा जुना मेजर, जो तोवर पुस्तकविक्रेता झाला होता, त्या जंगलात गेला आणि त्याने ऑर्डर मागे घेतल्याचं वाचून दाखवलं, तेव्हा कुठे हा बाहेर आला, बंदूक अजून चालू स्थितीत. निष्ठेत काही कमी होतं का? काहीच नाही. आणि मधल्या काळात त्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या हातून त्या बेटावरची साधी माणसं मेली, कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं युद्ध लढताना. डोकं गहाण ठेवलं की असं होतं, सोडवायला मेजरच यावा लागतो.

आणि दुसरा ह्यू थॉम्प्सन, अमेरिकन हेलिकॉप्टर पायलट, वय 24. 16 मार्च 1968 ला व्हिएतनाममधल्या माय लायमध्ये आपलेच सैनिक म्हातारी माणसं, बायका आणि पोरं मारतायत हे त्याने वरून बघितलं, आणि हेलिकॉप्टर सरळ सैनिक आणि गावकऱ्यांच्या मध्ये उतरवलं. आपल्या दोघा साथीदारांना म्हणाला, सैनिकांनी या गावकऱ्यांवर गोळी चालवली तर तुम्ही आपल्याच सैनिकांवर चालवा. परत आल्यावर शिव्याशाप मिळाले, गद्दार ठरला. सोल्जर्स मेडल मिळालं 1998 ला, तीस वर्षांनी. आता तू सांग, त्या दिवशी त्या गावात देशाची सेवा नक्की कोण करत होतं?

डेस्मंड डॉस या अमेरिकन सैनिकाने तर दुसऱ्या महायुद्धात बंदूक हातात घ्यायलाच नकार दिला होता, पण सैन्य सोडलं नाही, आणि 1945 ला जपानच्या ओकिनावा बेटावर त्याने एकेक करून जखमींना कड्यावरून दोराने खाली सोडलं. पश्चिम जर्मनीने तर सगळं भोगून झाल्यावर 1949 च्या घटनेतच लिहून टाकलं की सदसद्विवेकाविरुद्ध कुणालाही शस्त्र घेऊन लढायला लावता येणार नाही. शहाणपण फार महाग पडलं त्यांना.

आणि हो, डोकं शाबूत ठेवायचं म्हणजे प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचे असं नाही. पहाटे चारला उठवून चिखल उपसायला लावला तर निमूट उपस, तिथे तत्त्व काढू नकोस, मला आळशी लोकांची तत्त्वं सहन होत नाहीत. पण खोटं लिही म्हणाले, कुणाचं नाव गाळ म्हणाले, उलट हात उगारू न शकणाऱ्यावर हात उगार म्हणाले, तर थांब. आणि 'आमच्या बॅचमध्ये बाकी कुणालाच प्रॉब्लेम नाही' हे मला परत लिहू नकोस, प्लीज. माझ्या ऑफिसातही कुणालाच नव्हता.

त्या रजिस्टरानंतर मी न वाचता, न पटता एकही सही केली नाही. प्रमोशन तीनदा हुकलं. बायको म्हणायची, तत्त्वं तुमची आणि हप्ते माझे. तिचं चूक नव्हतं, घर तिनेच ओढलं. पण माझंही चूक नव्हतं, आजही मी तेच करेन, अडेलतट्टू म्हण हवं तर. फक्त ती एकेचाळीस घरं आधीची आहेत, त्यांना माझ्या नंतरच्या हट्टाचा काय उपयोग, हे उत्तर मात्र मला अजून सापडलेलं नाही.

तर फॉर्मचं. काम सोडू नकोस. 'विनाअट' खोडून तिथे 'कायदेशीर' लिहून दे, आणि त्याची एक कॉपी स्वतःजवळ ठेव. बहुतेक साहेब चिडतील, मग कदाचित घेतील. नाही घेतला तर मला फोन कर, पण रात्री नऊच्या आत, नंतर मी कानातलं मशीन काढून ठेवतो.