बदकांना बिअरचा चोथा चालतो का?

प्रश्न वर्ध्याकडच्या एका भाऊंचा आहे. वाडीत २० खाकी कॅम्पबेल बदकं आहेत, बिअर कारखान्यातला ओला चोथा स्वस्तात मिळतोय. द्यावा का, किती द्यावा, आणि बदकं झिंगणार तर नाहीत? त्याखाली कोणीतरी ठोकून दिलंय, "बिनधास्त घाला, बदक काहीही पचवतं." त्या एका वाक्यासाठी लिहायला बसले. नाहीतर रोवणीच्या दिवसांत एवढी फुरसत कोणाला आहे!

चोथा चालतो. बदकं झिंगत नाहीत. जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, भरडून गरम पाण्यात घोळतात, गोडवा पाण्यात उतरला की पाणी गाळून पुढे जातं आणि चोथा मागे राहतो. यीस्ट पडतं ते त्या पाण्यात, नंतर. म्हणजे चोथ्याचा दारूशी संबंध येण्याआधीच तो बाहेर पडलेला असतो. तुमच्या जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे शेजारी नाक मुरडतीलच, त्यांना एवढं सांगा. आमच्या भंडाऱ्याकडे मोहाच्या भट्टीवरचा गाळ डुकरांना घालतात, तो प्रकार वेगळा. तो आंबवून, उकळून उरलेला असतो. दोन्ही एकाच टोपल्यात मोजू नका.

चोथ्यात प्रथिनं चांगली, वाळल्यावर शंभरात वीस-तीस भाग. पण पिष्ट सगळं बिअरमध्ये गेलेलं आणि उरलेली असते सालच जास्त, म्हणून नुसत्या चोथ्यावर बदक पोसलं जात नाही. पोट भरतं, अंग धरत नाही. कनकी, मका, थोडा कोंडा, थोडी सोयाबीन ढेप हे लागणारच. सरकीची ढेप मात्र अंड्यावरच्या बदकाला नको, बलक हिरवट पडतो.

आता भासऱ्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, गोष्ट सांगते, म्हणजे "काहीही पचवतं" याचा अर्थ कळेल.

आमचे भासरे म्हणजे घरातला शेवटचा शब्द. त्यांच्या ओळखीतला एक जण म्हशींसाठी हा चोथा आणतो. त्याच्याकडून त्यांनी भर मे महिन्यात एक निळा ड्रम भरून आणला आणि कोठ्यात ठेवून वर बारदाना टाकला. मी जाऊबाईंच्या समोर सांगितलं, दादा, हा आजच स्लॅबवर पसरू, यात पाऊण हिस्सा पाणीच आहे, या उन्हात दोन दिवस टिकायचा नाही. तर म्हणतात, "तू बदकाला जावई समजतेस का? बदक म्हणजे पाण्यातलं डुक्कर." वर पुन्हा, म्हशी खातात ते बदकाला का नाही चालणार? जाऊबाई हसल्या. मी वरच्यावरचा जमेल तेवढा काढून वाळवला, बाकी ड्रम तसाच राहिला.

तेव्हा माझी पिलं नुकतीच निघाली होती. खाकी कॅम्पबेल स्वतः अंड्यांवर बसत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून मी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवते. कोंबडीला एकवीस दिवसांची सवय, बदकाला लागतात अठ्ठावीस, मधेच उठते की काय म्हणून जीव टांगणीला. एवढं करून निघालेली पिलं घरच्यांच्या भरवशावर सोडून मी माहेरी लग्नाला गेले. परत आले तर भासऱ्यांनी ड्रमचा तळ खरवडून पिलांना घातलेला. आणि मी वाळवलेल्या चोथ्याचं पिंप शेजारीच, झाकण लावून.

पिलं आडवी पडून पाय मारत होती. मान अशी मागे वळलेली की चोच पाठीला टेकत होती. काही चालायला गेली की कोलमडायची. अर्ध्याहून जास्त गेली. ड्रममध्ये हात घातला तर तळाचा चोथा गोळे धरलेला, आतून हिरवट-पिवळी बुरशी आणि कोंदट वास. पशुवैद्य डॉक्टर आले, एक पिलू कापून दाखवलं. काळीज तांबडं असायला हवं ते फिकट पिवळट, फुगलेलं, वर रक्ताचे बारीक ठिपके. ते म्हणाले, बुरशीचंच विष दिसतंय.

भासरे म्हणाले ऊन लागलं. मग म्हणाले बोडीचं, म्हणजे आमच्या तळ्याचं, पाणी खराब. मग कोणाची तरी नजर. आणि मोठा पुरावा काय, तर मोठी बदकं तोच चोथा खाऊन जिवंत होती! जिवंत होती खरी, पण अंड्यांवरून उतरली, ते कोणी मोजलं नाही. प्रयोगशाळेत काही पाठवलं नव्हतं, म्हणून ते आजही मानत नाहीत.

तर त्यांच्यासाठी आणि त्या बिनधास्तवाल्यासाठी लिहिते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, बदकांची पिलंही मेली. कारण निघालं बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. आणि हे विष खाद्यात आहे का हे तपासायला शास्त्रज्ञ बरीच वर्षं कोणाला वापरत होते? बदकाच्या पिलाला! कारण सगळ्यांत आधी तेच मरतं. म्हैस झेलते, कोंबडी थोडंफार झेलते, बदकाचं पिलू झेलत नाही. उकळून, वाळवून हे विष जात नाही. वरची बुरशी काढून खालचं घालू म्हणाल तर तेही नाही, सगळा ड्रम खड्ड्यात.

किती द्यावा हे राहिलंच. मोठ्या बदकाला दिवसाला साधारण दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, म्हणजे तुमच्या वीस बदकांना तीन-साडेतीन किलो. त्यात दहा-पंधरा टक्के चोथा पुष्कळ झाला. ओल्यात मोजाल तर रोज दीड-दोन किलो, त्याहून जास्त नको. म्हणजे ड्रमभर घेण्यात अर्थच नाही, स्वस्त असो की फुकट. चार घरं मिळून घ्या, त्याच दिवशी दोन बोटं जाडीने पसरा, दिवसातून तीन-चारदा हलवा, हातात चुरडून कुरकुर वाजेपर्यंत वाळवा. ताज्याला शिजल्या धान्याचा गोडसर वास येतो. आंबूस आला की विचार करा, कोंदट आला तर विचारही करू नका. पावसाळ्यात घेऊच नका. गाडीवाला कालचा की परवाचा हे सांगत नसेल तर परत पाठवा. घालताना शेजारी खोल पाण्याचं भांडं हवं, बदक पाण्याशिवाय कोरडं गिळू शकत नाही. अंड्यावरच्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा, चोथ्यात कॅल्शियम नावालाच.

पिलांना पहिला महिनाभर चोथा नकोच. त्यांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांच्या जवळपास दुप्पट लागतं, ते कमी पडलं की पाय वाकतात. त्यासाठी बिअरचं यीस्ट उत्तम, पण वाळवून मारलेलं, पाकिटातलं. टाकीच्या तळाचा ओला यीस्टचा गाळ कोणी देऊ केला तर घेऊ नका. त्यात यीस्ट जिवंत असतं आणि दारूही असते, म्हणजे झिंगण्याची तुमची भीती तिथे खरी ठरेल.

आणि हो, खाद्य कोण घालणार हे घरात आधी ठरवा. आमच्याकडे पिंपाला आता कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला. परवा भासऱ्यांनी म्हशीसाठी घमेलंभर मागितला. दिला. वाळलेलाच दिला, आणि पिलं बाहेर होती तोवर तिथून हलले नाही.