वळणावर ऑइलचा लाल दिवा लागला आणि लगेच गेला. सर्व्हिस वेळेवर होत असताना मधे ऑइल तपासायची खरंच गरज असते का?

आधी एक सांगतो, हे उत्तर वाचून होईपर्यंत गाडी चालू करू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१६ची, छोटी पेट्रोल, ८२ हजार किलोमीटर झालेली. सर्व्हिस दर वर्षी न चुकता होते, मधे बॉनेट कधी उघडलं जात नाही. परवा पुलाखालच्या वळणावर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा क्षणभर लागला, सरळ रस्त्यावर आल्यावर गेला. मित्र म्हणाला, "गेला ना दिवा, मग सोड." मित्राचं ऐकू नका.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंगचं, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा (क्रँक) घासून आणि सिलिंडर कोरून मापात आणायचं काम करतो. अण्णा म्हणून आमचे उस्ताद होते, त्यांच्या हाताखाली शिकलो, आता एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडे गाडी येत नाही, खोललेलं इंजिन येतं, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेल्यावरच आमच्या टेबलावर सामान पडतं. त्यातलं किती सामान नुसत्या ऑइलपायी आलंय हे डोळ्यांनी बघत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वळणावर दिवा का लागला ते बघा. इंजिनच्या तळाशी ऑइलचा चेंबर असतो आणि पंप त्यातून एका जाळीवाटे ऑइल ओढतो. चेंबर भरलेला असेल तर गाडी कशीही वळू दे, जाळी बुडालेलीच राहते. ऑइल कमी झालं की वळणावर ते एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते, पंपाला ऑइलऐवजी हवा मिळते आणि प्रेशर पडतं. सरळ रस्त्यावर ऑइल परत जागेवर येतं आणि दिवा जातो. म्हणजे दिवा गेला तरी ऑइल वाढलेलं नाही. वळणावर दिवा लागलेल्या अशाच लहान गाड्यांचं ऑइल मेकॅनिकनी काढून मोजलेलं मी बघितलंय. साडेतीन लिटर बसतं तिथे दीड, पावणेदोन लिटर निघालंय.

लोकांचा समज असतो की ऑइल कमी झालं की दिवा सांगेल. बहुतेक गाड्यांत हा दिवा ऑइल किती आहे ते बघतच नाही, तो फक्त प्रेशर बघतो. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं माप) खाली गेल्यावर दिवा लावतो. चांगल्या इंजिनात धावताना तीन-चार बार प्रेशर असतं. म्हणजे दिवा लागेपर्यंत जवळपास सगळंच गेलेलं असतं. पेट्रोलचा काटा रिझर्व्हला आल्यावर पंपापर्यंत जाता येतं, तशी सवलत इथे नाही.

आता प्रेशर गेल्यावर आत काय होतं ते. क्रँक आणि त्याच्या बेअरिंगमध्ये साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर फट असते, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कमी. इंजिन चालू असताना क्रँक बेअरिंगला टेकतच नाही, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. डिप्लोमाला असताना आमच्या सरांनी यावर एक गोष्ट सांगितली होती. १८८३ साली टॉवर नावाचे इंग्रज अभियंते रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. वरून तेल घालायला त्यांनी बेअरिंगला भोक पाडलं, तर फिरणाऱ्या आसामुळे त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागलं. बूच लावलं, ते निघालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्यातून केवढा दाब तयार होतो, हे तेव्हा कळलं. तुमचं इंजिन त्याच तत्त्वावर चालतं, पण त्या फटीत ऑइल पोचलं तरच. तीन हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो. त्या वेगात ऑइल नसेल तर धातूवर धातू घासायला वेळ लागत नाही.

मागच्या दिवाळीनंतर आलेलं एक इंजिन माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. गडहिंग्लजकडचे एक निवृत्त शिक्षक कोकणातून घरी परतत होते. खाली कुठेतरी खराब रस्त्यावर चेंबरला दगड लागला, त्यांना नुसता आवाज आला. गगनबावड्याचा घाट चढताना लाल दिवा लागला. अंधार पडत आलेला, गाडीत बायको आणि दोन नातवंडं. वर गेल्यावर गॅरेज मिळेल म्हणून त्यांनी गाडी दामटली. सात-आठ किलोमीटर गेल्यावर खालून ठक ठक आवाज सुरू झाला, मग एकदम कर्र करून इंजिन जाम.

तो क्रँक मी हातात घेतला तेव्हा तीन नंबरचा जर्नल, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिथे बसतो तो भाग, जांभळा-निळा पडला होता. लोखंड तापवून सोडल्यावर पडतो तसा. बेअरिंगच्या दोन शेल असतात, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या. त्या जागा सोडून फिरल्या होत्या आणि एकमेकींवर चढून चपट्या झाल्या होत्या. वरचा मऊ धातू वितळून जर्नलला माखलेला. चेंबरच्या तळाशी चमचमता चुरा. मायक्रोमीटर लावून बघितलं तर जर्नल गोल राहिलेलाच नव्हता. पूर्वी अशा वेळी आम्ही जर्नल ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर घासून अंडरसाइज, म्हणजे त्या बारीक झालेल्या जर्नलला बसणारी जाड शेल टाकायचो. आता बऱ्याच गाड्यांना कंपनी अंडरसाइज शेल देतच नाही, क्रँकच नवा घ्यावा लागतो. गुरुजींनी ती चपटी शेल तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "एवढ्याशा पट्टीवर सगळं चालतं होय?"

विम्याकडून त्यांना चेंबर आणि पॅकिंगचे पैसे मिळाले, इंजिनचे नाहीत. दगड लागला तो अपघात, पण ऑइल गळत असताना गाडी चालवत राहिल्यानं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं. तेही असलं तरी दिवा लागल्यावर गाडी का चालवली, हा प्रश्न समोर येतोच. खर्चाचं म्हणाल तर माझ्या अनुभवात लहान पेट्रोल गाडीचं असं काम पन्नास हजारांच्या घरात सहज जातं आणि टर्बो डिझेलचं लाखाच्या पुढे. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, म्हणून ऑइल तुटलं की सहसा आधी तोच जातो.

गुरुजींना निदान दगडाचा आवाज तरी आला होता. तुमच्यासारख्या केसमध्ये आवाज नाही, खाली डागसुद्धा नसेल. मग ऑइल जातं कुठे? थोडं थोडं जळतं. पिस्टनच्या रिंगा घासल्या, व्हॉल्व्हचे सील कडक झाले की ऑइल पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरवाटे जातं. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत तर हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल लागणं नेहमीचंच धरलेलं असतं. आता हिशोब करा. तुमच्या इंजिननं हजार किलोमीटरला फक्त दोनशे मिली जाळलं, तरी दहा हजारांच्या सर्व्हिसपर्यंत दोन लिटर गेले. एवढ्या कमी जळण्याचा निळा धूर सहसा दिसतही नाही. सर्व्हिसला मेकॅनिक बोल्ट काढतो, जे उरलंय ते ट्रेमध्ये सांडतं आणि नवीन भरलं जातं. जुनं किती निघालं हे बहुतेक ठिकाणी कोणी मोजत नाही. त्यामुळे सर्व्हिस वेळेवर होऊनही गाडी सर्व्हिसआधीचे एक-दोन महिने अर्ध्या ऑइलवर पळत असते आणि मालकाला पत्ता नसतो. ऑइल बदलणं वेगळं आणि ऑइल बघणं वेगळं, हे माझं सगळ्यांना सांगणं आहे.

कमी ऑइलचा दुसरा तोटा हळूहळू दिसतो. साडेतीन लिटरनं करायचं काम दीड लिटरवर पडलं की ते ऑइल जास्त तापतं, लवकर खराब होतं, घट्ट होतं. मग हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, आणि जाळीवर काळा थर बसतो. आमच्या भागातल्या लोकांना मी सांगतो, गुऱ्हाळात काहिलीच्या काठाला करपलेली काकवी चिकटते ना, अगदी तसा. बोटानं खरवडावा लागतो. एकदा जाळी अशी बुजली की वरून कितीही ऑइल घाला, पंपाला ओढता येत नाही. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही पुष्कळ गाड्यांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो, त्यामुळे सकाळी चालू करताना चेनचा खडखडाट येतो तो बऱ्याचदा इथूनच.

आता तुम्ही काय करायचं. गाडी सपाट जागी उभी आहे ना, आणि इंजिन थंड आहे, उत्तमच. बॉनेट उघडून पिवळ्या नाहीतर नारिंगी कडीची ऑइल मोजायची काडी बाहेर ओढा, सुती फडक्यानं कोरडी पुसा, पूर्ण आत घाला आणि परत ओढा. पहिल्यांदा ओढलेल्या काडीवर वाचायचं नाही, नळीत उडालेलं ऑइल तिला लागलेलं असतं. खाली दोन खुणा दिसतील. ऑइल त्यांच्यामध्ये हवं. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण एक लिटर. माझा अंदाज आहे की तुमच्या काडीच्या टोकाला जेमतेम लागेल किंवा कोरडीच येईल.

तसं असेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल आणा. ०डब्ल्यू-२०, म्हणजे पातळ ऑइल लिहिलं असेल, तर दुकानदारानं दिलं म्हणून २०डब्ल्यू-५०सारखं घट्ट ऑइल घालू नका. अर्धा लिटर घाला, पाच मिनिटं थांबा, काडी बघा, मग पुन्हा थोडं. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. जास्त झालं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाचं प्रेशर बनत नाही. किती घातलं ते मात्र लिहून ठेवा, तो आकडा सगळ्यात कामाचा आहे.

मग गाडी चालू करा. दिवा दोन-तीन सेकंदांत जायला हवा. वरच्या बाजूनं हलकी टिक टिक येत असेल तर थोडा वेळ थांबा, ऑइल वर पोचलं की बहुधा जाते. खालून जड ठक ठक येत असेल आणि रेस केल्यावर वाढत असेल, तर त्याच क्षणी बंद करा आणि गाडी टो करून न्या. काडीवर ऑइल बरोबर दिसलं आणि तरी दिवा लागला, तर स्विच खराब असेल म्हणून सोडून देऊ नका. मेकॅनिकला स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून आकडा बघायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

काडीवर अजून दोन गोष्टी बघा. रंग काळा असला तर घाबरू नका, ऑइल घाण उचलतं म्हणूनच काळं होतं, डिझेलमध्ये तर काही शे किलोमीटरमध्ये होतं. पण दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी जातंय, बहुधा हेड पॅकिंग. २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर आमच्याकडे अशी इंजिनं रांगेनं आली. गाडी पाण्यातून काढल्यावर काडी न बघता लोकांनी किल्ली फिरवली होती. आणि घरात डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) बीएस-६ डिझेल गाडी असेल तर उलटं लक्ष ठेवा. तिच्यात ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसू शकतं, कारण फिल्टर स्वच्छ करताना जास्तीचं डिझेल खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं.

यापुढे महिन्यातून एकदा बघत जा आणि लांबच्या प्रवासाआधी बघा. तुमच्या गाडीचं मात्र आता पुढचे हजार किलोमीटर दर रविवारी बघा. त्यात किती खाली गेलं यावरून रिंगा गेल्यात, सील गेलेत की कुठे बारीक गळतीच आहे, हे ठरवता येईल.

काडी पुसून दुसऱ्यांदा ओढल्यावर ऑइल कुठपर्यंत दिसलं, वर यायला किती मिली लागलं आणि शेवटचं ऑइल कितव्या किलोमीटरला बदललं होतं, एवढं खाली लिहा. पुढचं मी सांगतो.