कुठल्या खोलीचं तापमान?

लष्कर, ग्वाल्हेर

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. प्रत्येक मूलद्रव्यापुढे स्थायू, द्रव नाहीतर वायू, सगळं सुबक अक्षरात. पाठही आहे म्हणे. आता त्यात दोन रकाने वाढव: किती तापमानाला आणि किती दाबाला. ते नसतील तर बाकीचा तक्ता लटका आहे.

पुस्तकं बहुधा २५ अंश सेल्सिअस धरून चालतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात २५ अंशांची खोली कुठे मिळते, सांग! गॅलियम २९.८ अंशांना वितळतं, सिझियम २८.५ ला. म्हणजे पुस्तकात दोन्ही स्थायू आणि आपल्या उन्हाळ्यात दोन्ही द्रव. सिझियमच्या वाटेला जाऊ नकोस, हवा लागली की पेटतं. गॅलियमची डबी माझ्या कपाटात आहे, प्लास्टिकची. पूर्वी काचेची बाटली होती, ती एका डिसेंबरात तडकली. पाण्यासारखं गॅलियमही गोठताना फुगतं, हे वाचून माहीत होतं, तरी बाटली काठोकाठ भरली होती.

आयोडिनपुढे तू 'वितळत नाही, थेट वाफ होते' असं लिहिलंयस. मीही बरीच वर्षं वर्गात तेच ठणकावून सांगायचो. एकदा परीक्षानळीत जरा जास्त खडे पडले आणि मी आच मोठी ठेवली. जांभळ्या वाफेखाली, तळाशी, काळा चकचकीत थेंब हलताना दिसला. आयोडिन ११३.७ अंशांना रीतसर वितळतं आणि १८४ च्या आसपास उकळतं. फक्त त्याआधीच घन खड्यांतून इतकी वाफ सुटते, की उघड्या बशीत हळूहळू तापवलं तर वितळायला काही उरतच नाही. नेहमीच्या हवेच्या दाबाला खरोखर न वितळणारी म्हणजे कार्बन आणि आर्सेनिक. हेलियमची तऱ्हा उलटी: त्या दाबाला कितीही थंड करा, गोठत नाही. त्याला सुमारे २५ पट दाब लागतो.

शब्दाचंही बघ. तुझ्या शाळेतल्या हिंदी पुस्तकात या थेट वाफ होण्याला 'ऊर्ध्वपातन' म्हणतात. मराठीत ते संप्लवन. आपलं ऊर्ध्वपातन म्हणजे द्रवाची वाफ करून ती पुन्हा थंड करणं, ज्याला हिंदीत आसवन म्हणतात. घरी मराठी आणि शाळेत हिंदी असलेली आपल्याकडची मुलं इथे हमखास घसरतात. तूही घसरला आहेस, पान ११.

रविवारी सकाळी ये. सध्या थंडी आहे, त्यामुळे गॅलियम घट्ट आहे. हातमोजा घालून मुठीत धर, नाहीतर तळवा काळपट होईल. वितळायला लागलं की वाटीत काढू, वाटी कोमट पाण्यात ठेवू, तापमापी आत बुडवू आणि दर मिनिटाला आकडा लिहू. पाणी उष्णता देतच राहील, तू हलक्या हाताने ढवळत राहा. पारा तीसच्या जरा खाली अडून बसेल, शेवटचा खडा वितळेपर्यंत. ते आकडे वहीत हवेत. आलेखाचा कागद घेऊन ये, माझ्याकडचा संपलाय.